फरसाणाच्या कपाटातली ऊब

भाऊजी, तुम्ही मला काच लागली म्हणालात.

हाताला पंचा गुंडाळून ओट्यावर येऊन बसलात आणि म्हणालात, "कपाटाची काच लागली वैनी. काय नाय. चहा टाका." मी चहा टाकला. थंडी होती म्हणून आलं जरा जास्त ठेचलं.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. लोक येऊन गेले, चांगलं बोलून गेले. नामदेव म्हणजे देवमाणूस, मुक्या जिवावर जीव टाकणारा, असं. मी ऐकून घेतलं. माणूस मेला की असंच बोलतात, त्यात बोलणाऱ्याचं काही जात नाही. मला मात्र तुमच्याशी भांडायचं आहे, आणि भांडायला तुम्हीच नाही. म्हणून लिहिते.

तुम्ही गेलात तरी ते जनावर पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, काचेच्या त्या कपाटात जिवंत होतं. तुम्ही लावलेला बल्ब आत जळत होता. घरातला प्रत्येक जण खोलीच्या दारात उभा राहून आत बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. ऊब चालू ठेवायची की बंद करायची, हे माझ्यावर येऊन पडलं. तुम्ही हयातभर कुठलं ओझं माझ्यावर टाकलं नाहीत, आणि टाकलंत ते हे.

ते घरात आलं नागपंचमीला. मखमलाबादच्या रस्त्याने गारुडी दर वर्षी यायचा. त्या वर्षी कुणी तरी ओरडलं की फॉरेस्टची गाडी येतेय, आणि गारुडी टोपली आपल्या कुंपणाशी टाकून शेवंतीच्या वाफ्यांतून पळाला. गाडी काही आली नाही. टोपली राहिली. थोड्या वेळापूर्वी त्याच टोपलीपुढे मी लाह्या आणि दूध ठेवलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं. तुम्ही झाकण काढलंत तेव्हा ते हळदकुंकू नागाच्या डोळ्यांवर बसलेलं दिसलं. तोंड दोऱ्याने शिवलेलं. तुम्ही माझी धागे कापायची लहान कात्री मागितलीत.

"ती कात्री मी परत घेणार नाही," मी म्हटलं.

"नका घेऊ. नवी आणून देतो."

नवी आणून दिली नाहीत, ते असो.

टाके कापलेत. काडीने जबडा उघडून बघितलात आणि म्हणालात, दात उपटलेत त्याचे, विषाचं काही राहिलं नाही, नुसती दोरी झालीये. मी म्हटलं, "पोरांचे दात पडले की दुसरे येतात ना? मग याला येणार नाहीत कशावरून?"

तुम्ही हसलात. "साप म्हणजे काय आपली सोनू हाय का, वैनी?"

सोनू, माझी नात, माझ्या सुनीलची मुलगी, तेव्हा नुकती धावायला लागली होती. तिचं नाव त्या टोपलीशेजारी घेतलेलं मला आवडलं नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. सुनील म्हणाला, "काका, वनखात्याला कळवू. नाग घरात ठेवणं गुन्हा आहे, केस होते." तुम्ही म्हणालात, "बरा झाला की सोडतो रे. तोंड फाटलेला जीव कुठं सोडू?" त्यात खोटं काही नव्हतं. तोंड खरंच फाटलं होतं. तुम्ही त्याला पाव्हणा म्हणायला लागलात. आपल्याकडे पाहुणा किती दिवस राहणार हे कुणी विचारत नाही, पण प्रत्येक जण मनात धरून असतो. तुम्ही ते मनातही धरलं नाहीत.

बाजारातलं एक फरसाणाचं दुकान बंद झालं, तिथून तुम्ही कपाट आणलंत. पुढून काच, मागून सरकती दारं. धुऊन पुसूनही आत शेवेचा वास राहिला होता. मोटारीच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीखाली ते बसवलंत. वर पत्रा, आत वाळू, पाण्याचं वाडगं. सोनूचा हात पोचू नये म्हणून मागच्या दारांना कडी केलीत. ती कडी चांगली केलीत, हे मी मान्य करते.

पावसाळाभर तुम्ही त्याच्या तोंडाला औषध लावत होतात. मग कार्तिक सरला आणि थंडी पडली. निफाडकडे पारा उतरला की आपल्याकडेही हाडं वाजतात. शेजारच्या बागेत द्राक्षांना ऊब मिळावी म्हणून पहाटेच पाचट पेटवायचे, त्याचा धूर उन्हं येईपर्यंत आपल्या अंगणात बसून राहायचा. तेव्हापासून ते जनावर गप्प झालं. आधी फुसफुस तरी करायचं, आता वेटोळं घालून नुसतं पडलेलं. तुम्ही हात घालून उचलायचात. फुलं खुडायला बायका यायच्या, त्यांच्यापुढे गळ्यात घालून उभे राहायचात. बायका ओरडायच्या, पदर तोंडावर धरून हसायच्या, आणि तुम्हाला ते आवडायचं.

"बघा वैनी, माणसाळला. ओळखतो मला."

"माणसाळला नाही, गारठलाय," मी म्हटलं. "सकाळी उन्हं येईस्तोवर मी तरी कुठं भांडते तुमच्याशी?"

"म्हंजे तुम्ही उन्हावर चालता व्हय? मला वाटलं दिवसरात चालू असता."

बायका परत हसल्या. मी टोपलं उचलून वाफ्यात गेले. तुमची माझी भांडणं अशीच सुटायची. तुम्ही थट्टा करायचात आणि मी कामाला लागायची. मुद्दा होता तिथेच राहायचा.

पण त्याने खाणं सोडलं. उंदीर समोरून फिरायचा आणि ते बघायचंसुद्धा नाही. पाठीचा कणा दिसायला लागला. तुम्ही म्हणालात, ऊब नाही म्हणून पोटात पचत नाही, ऊब दिली पाहिजे. मी म्हटलं, "गारठलाय म्हणून आपण डोळे मिटून झोपतो. देऊन टाका फॉरेस्टला."

"अशा थंडीत ते नेऊन सोडतील जंगलात, नियमच हाय त्यांचा. मरंल तो."

"मरू दे असं मी म्हटलं का? द्या म्हटलं."

"एकच हाय ते, वैनी."

तेव्हा तुम्ही हसत नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. सापाची नाही. तुम्ही एखादी गोष्ट न हसता बोललात की ती करायचातच, मला माहीत होतं.

मागे तुमची पोल्ट्री होती तेव्हाची तुमची एकच पद्धत. एक दिवसाची पिल्लं आली की पत्र्याच्या गोल कड्यात त्यांना सोडायचं आणि मधोमध बल्ब टांगायचा. थंडी वाजली की पिल्लं बल्बखाली गोळा होतात, उकडलं की लांब पळतात, त्यावरून बल्ब वर-खाली करायचा. तुम्ही म्हणायचात, पिल्लूच सांगतं, आपण फक्त बघायचं. तसाच बल्ब तुम्ही कपाटात आतून टांगलात. मी म्हटलं, बाहेर लावा, वरचा पत्रा काढा, जाळी ठोका आणि जाळीच्या वर लावा. बल्ब उडाला तर बदलायला हात आत घालावा लागेल. तुम्ही म्हणालात, बाहेर लावला तर निम्मी ऊब खोलीला जाईल, खोली काय अंडी घालणारे?

साप पिल्लासारखं सांगत नाही, भाऊजी. ते बल्बला जाऊन चिकटलं आणि चिकटूनच राहिलं. भाजलं तरी हललं नाही. सकाळी तुम्ही बघितलंत तर पोटाचे खवले तपकिरी होऊन वर आले होते. तुम्ही माझ्याकडे येऊन हळद मागितलीत. मी डबाच हातात दिला. इतका उतरलेला चेहरा तुमचा मी आमचे हे गेले तेव्हाच बघितला होता.

ते गेले तेव्हाचं बोलायचं नाही असं आपलं न बोलता ठरलेलं होतं. आता बोलते. सुनील लहान होता. नांदगावहून माझे भाऊ आले होते, मला आणि पोराला घेऊन जायला. चुलत सासऱ्यांनी सामान बांधायलाही सांगितलं. तुम्ही मळ्यातून आलात, चिखलाच्या पायांनीच ओसरीवर उभे राहिलात आणि म्हणालात, "वैनी कुठं जाणार? उद्या शेवंती निघायचीये." एवढंच. पुढे कुणी काही बोललं नाही आणि मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे शेवंती खुडायला मी गेले तेव्हा तुम्ही दुसऱ्या टोकाच्या सरीत होता. तुम्ही लग्न का केलं नाहीत हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही थट्टा केली असतीत, आणि खरं सांगितलं असतंत तर मला ते ऐकायचं नव्हतं. गावाने जे बोलायचं ते बोलून घेतलं. तुमच्यामुळे मी या घराची मालकीण राहिले, कुणाची आश्रित झाले नाही. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का? तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं.

तर ते भाजणं. त्यावरून तुम्ही शिकलात हे खरं. बल्बवर मातीचं मडकं उपडं घातलंत, बाजूला भोक पाडून वायर काढलीत, म्हणजे ऊब मडक्याची लागेल, बल्बची लागणार नाही. मडकं एका टोकाला, खिडकीखाली. दुसरं टोक थंड ठेवलंत, तिथे पाणी आणि लपायला कौल. म्हणालात, त्याला निवड पाहिजे, उकडलं तर इकडं येईल, गारठलं तर तिकडं जाईल. द्राक्षबागेवाल्यांकडचा थर्मामीटर आणून दाराजवळ टांगलात, उघडताना डोळ्यासमोर राहावा म्हणून. दार होतं थंड टोकाला.

मी म्हटलं, "तवा तापलाय का ते तव्याला विचारायचं. परातीला काय विचारता?"

"हलवतो उद्या. खिळा नाय तिकडं."

"आणि बल्ब?"

"तो पण बाहेर काढतो. उद्या."

उद्या उद्या करत तुम्ही शेवंतीचा हंगाम काढलात. बल्ब आतच राहिला.

ऊब लागली आणि पाहुणा उठला. आधी उंदीर खाल्ला. मग दर आठवड्याला खायला लागला. कात टाकली, ती अखंड निघाली, तुम्ही ती दोन्ही हातांवर घेऊन अंगणभर दाखवत फिरलात. खाली नवीन कातडी तेल लावल्यासारखी काळी. भाजलेल्या जागी तेवढा डाग. आता खोलीचं दार वाजलं तरी ते उभं राहायचं आणि फणा काढून काचेवर तोंड आपटायचं. काचेवर ओले ठिपके उठायचे. लता, माझी सून, एकदा सोनूला कडेवर घेऊन दारात उभी होती, तेव्हा त्याने काचेला असा दणका दिला की पोर रडायचीसुद्धा विसरली. लता सटाण्याची, घाबरली की माहेरची बोली येते तिच्या तोंडात. म्हणाली, "ते घरमा शे ना, मग मी ऱ्हास नही." आणि सोनूला घेऊन माहेरी गेली.

तुम्ही तिला थांबवलं नाहीत. मला म्हणालात, "थंडी सरली की सोडतो, मग आणू तिला." मी काचेवरचे ठिपके बघत होते. फडक्याने पुसायला गेले तर तुम्ही हात धरलात. तुम्ही माझा हात कधी धरत नसायचात. म्हणालात, "राहू द्या वैनी. आतून आलेत ते." ठिपके आतल्या बाजूला होते, ते माझ्या फडक्याने निघणारच नव्हते. पण तुमच्या आवाजावरून मला कळलं, दात आलेत हे तुम्हाला कळून चुकलंय.

मी तेव्हा तोंडाने विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तुम्हीही नाही सांगितलंत.

त्या दिवशी सकाळपासून लोडशेडिंग होतं. दुपारी लाइट आली, एकदम झगमगली आणि मडक्यातला बल्ब उडाला. मी ओसरीवर फुलांचे ढीग लावत होते. तुम्ही नवा बल्ब घेऊन जाताना म्हणालात, "सकाळधरनं ऊब नाय, पार दगड झाला असंल बिचारा." मी म्हटलं, "चिमटा घ्या." तुम्ही म्हणालात, "चिमट्यानं बल्ब फिरवू व्हय?"

मग तुम्ही आलात, पंचा गुंडाळून, आणि काच लागली म्हणालात.

आपल्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. तसंच म्हणायचं होतंत. मी काय ते समजले असते. चहा घेताना तुमच्या ओठाच्या कडेने चहा गळला. मी म्हटलं, "लहान पोर आहात का?" तुमच्या पापण्या उतरायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "झोप येतेय का?" तुम्ही म्हणालात, "जराशी." जीभ जड झाली होती. मग माझ्याकडे बघून हसलात. "दोन-दोन वैनी दिसायला लागल्या. एकच पुरी होती."

तेव्हा मी पंचा ओढला.

शेजारच्या बागेतली जीप आली. सुनीलने तुम्हाला मागे आडवं घेतलं. डोकं माझ्या मांडीवर. दवाखान्याच्या फाटकापर्यंत तुम्ही पोचला नाहीत. रस्ताभर मी तुम्हाला बोलत होते, तुम्ही ऐकत होता की नाही माहीत नाही, डोळे मिटलेले होते. सांगितलं नव्हतं का, असंच बोलत होते. तेच ऐकायला नको म्हणून तुम्ही काच म्हणालात ना? मी बोलले असते भाऊजी, नक्की बोलले असते, मी काय मला ओळखत नाही? पण जीपमध्ये बसवून बोलले असते. चहा पाजत बसले नसते.

इतक्या वर्षांत मी काय काय बोलले आणि तुम्ही काय काय हसण्यावारी नेलंत. त्यातलं एक बोलणं तुम्हाला एवढं जड व्हावं? याचं उत्तर मला मिळणार नाही. मी शोधतही नाही.

घरी आल्यावर सुनील काठी घेऊन मोटारीच्या खोलीत गेला. मी मागून गेले. नवा बल्ब जळत होता. म्हणजे चावल्यावरसुद्धा तुम्ही तो नीट बसवला होतात. दार सरकवलं होतंत आणि कडी घातली होतीत. लता आणि सोनू सटाण्याला होत्या, घरात पोर नव्हतं, तरी तुम्ही कडी घातली होतीत. सुनीलला ती दिसली आणि त्याने काठी खाली ठेवली. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं तो रडतोय, पण तो म्हणाला, "आई, बल्ब बंद करू. आपोआप मरंल. कुणाला हात लावायला नको."

"आज नको," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याच वेळेला तिथे गेले. लाइट नव्हती. थर्मामीटरमधला पारा खाली बसलेला. मडक्याकडच्या काचेला मी बाहेरून तळहात लावला आणि झटकन काढला. पश्चिमेचं ऊन खिडकीतून सरळ तिथे येत होतं. काच तव्यासारखी तापली होती, आणि ते मडक्यामागे फणा काढून उभं होतं. तुम्ही पारा बघून हात घातलात. पाऱ्याने तुम्हाला परातीचं सांगितलं.

दहाव्याला गोदावरीवर गेलो. पिंड ठेवला आणि सगळे लांब उभे राहिलो. कावळे झाडावर बसून होते. त्या घाटावरच्या कावळ्यांची पोटं भरलेली असतात, त्यांना कुणाच्या इच्छेचं काही पडलेलं नसतं, हे मला माहीत आहे. पण लोक थांबतात. सुनील म्हणाला, "काका, आईची काळजी करू नका." कावळा आला नाही. चुलत दीर म्हणाले, "नाम्या, मळा इकणार नाय." नाही आला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे होऊन म्हटलं, "त्याची ऊब बंद करणार नाही. थंडी सरली की नीट सोडवीन." सुनीलने मान खाली घातली.

तरी कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. पण मी बोलले ते चारचौघांत बोलले होते.

घरी येऊन पहिलं काम ते केलं. शेजारून एक वेल्डिंगवाला बोलावला. जनावर थंड टोकाला कौलाखाली होतं तेव्हा त्याने वरचा पत्रा सरकवून जाळी बसवली. बल्ब बाहेर, जाळीच्या वर. निम्मी ऊब खोलीला जाते, जाऊ दे. म्हणून दोन बल्ब लावले. खिडकीला पोतं टांगलं. थर्मामीटर मडक्याकडे बांधला. लाइट गेली की बाटल्यांत गरम पाणी भरून काचेला बाहेरून लावायची. उंदीर वरून जाळीच्या फटीतून. हात आत जाईल अशी एकही गोष्ट ठेवली नाही. हे सगळं एका दुपारचं काम होतं, भाऊजी. तुमच्या एका उद्याचं.

लताचा फोन यायचा. "आई, तुम्हाला काय वेड लागलंय का? ज्याने काकांना खाल्लं त्याला पोसताय?" मी म्हणायची, "त्याने खाल्लं नाही. त्याला उंदीर लागतात." ती फोन ठेवून द्यायची. सुनील माझ्याशी कामापुरतं बोलायचा. संध्याकाळी मी खोलीत स्टुलावर बसायची, पारा बघायला. ते उभं राहायचं आणि माझ्याकडे बघत राहायचं. तुम्ही म्हणायचात ओळखतो. मी रोज बसले, रोज ऊब दिली, आणि ते रोज पहिल्यांदा बघितल्यासारखं फणा काढायचं. त्यात राग नव्हता, ओळख नव्हती. मला ते बरं वाटलं. निदान ते खोटं बोलत नव्हतं.

सुनीलने शहरातल्या एका सर्पमित्राला गाठलं. चाळिशीचा माणूस, हसरा, बोलघेवडा. आधी एकदा बघून गेला. म्हणाला, "दात येतातच, आजी, उपटले तरी परत येतात. आत्ता नेला तर सोडावा लागेल, आणि या थंडीत जगायचा नाही. उन्हं तापली की येतो." जाताना त्याने सांगितलं, "मी यायच्या आदल्या दिवशी दोन्ही बल्ब बंद ठेवा. गार पडला की मंद होतो, हाताळायला सोपा जातो." बोलताना तो काचेवर बोटांनी टकटक करत होता, अगदी तुमच्यासारखा. मी मान हलवली.

आज सकाळी तो आला. थंडी गेली आहे, उन्हाने अंगणात उभं राहवत नाही. पिशवी खांद्यावर टाकून, शीळ घालत तो मोटारीच्या खोलीकडे निघाला. आकड्याची काठी गाडीतच ठेवली होती.

"आजी, कालपासून बल्ब बंद हाय ना?"

"नाही."

तो थांबला. "बंद करा म्हटलो होतो ना मी. गार असता तर नुसत्या हातानं उचलला असता."

"म्हणूनच चालू ठेवले. आत बघ आणि मग काय ते ठरव."

तो हसला. "तुम्ही लय भारी हाय, आजी," म्हणाला आणि दार उघडलं. ते उभं होतं. कपाटाच्या छतापर्यंत उभं, फणा पूर्ण पसरलेला, आणि त्याने काचेवर असा तडाखा दिला की सुनील ओसरीवरून धावत आला. सर्पमित्राचं हसू गेलं. तो गाडीकडे परत गेला, लोखंडी आकडा आणि पाइपचा तुकडा आणला, जाड बूट घातले, सुनीलला बाहेर काढून दार लोटून घेतलं. मी खिडकीतून बघत होते. त्याने फार वेळ घेतला. एकदाही घाई केली नाही. आकड्याने उचललं, शेपटीला धरून अंगापासून लांब ठेवलं, पिशवीचं तोंड पाइपला लावलं आणि ते आत सरकेपर्यंत श्वाससुद्धा घेतला नसेल. गाठ मारली तेव्हा त्याची पाठ घामाने भिजली होती.

बाहेर आल्यावर पाणी मागितलं. पिऊन म्हणाला, "असा तयार नाग मी लय दिवसांत नाय पाहिला. गारुड्याचा वाटतच नाय. कुणी केला एवढा बरा?"

"आमच्या भाऊजींनी," मी म्हटलं.

त्याने पिशवी एका हाताने धरली, लांब, पायाला लागणार नाही अशी, आणि फाटकापर्यंत हळूहळू चालत गेला.